अक्कानं सांगितलं होतं

“मेंटल पेशंट हैं. खुद ही ज़्यादा खा ली होंगी.”

धारमधल्या एका डॉक्टरनं हे वाक्य माझ्या थोरल्या बहिणीबद्दल, माझ्या तोंडावर, हातातलं पेन फिरवत म्हटलं. ती त्या वेळी इंदूरच्या एका इस्पितळात ऑक्सिजन लावून पडली होती. उजवं मनगट मोडलं होतं, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि समोर कोण उभं आहे हे ओळखायला तिला वेळ लागत होता. मी त्याच्या टेबलासमोर उभी होते. जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा त्याला सुनवायचे सगळे शब्द सुचले. ते अजून माझ्यापाशी आहेत.

मी त्याला माफ केलेलं नाही. शेवटी कुठेतरी माफी येईल म्हणून कोणी वाचत असेल तर आधीच सांगते, येणार नाही.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचं माहेर धारचं. पणजोबा दरबारात कारकून होते, एवढंच काय ते जुनं वैभव. पुढचे सगळे नोकरदार. मी लग्न होऊन देवासला आले. सासरे कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले, नवराही कारखान्यात, आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर मीही एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात लागले. अक्काचं लग्न झालं नाही. का झालं नाही, हे घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

ती शाळेत चित्रकला शिकवायची. एकोणतिसाव्या वर्षी तिला आवाज ऐकू यायला लागले. फळ्यामागून कोणीतरी आपल्याला नावं ठेवतंय, असं म्हणून तिनं एक दिवस भर वर्गात फळा भिंतीवरून उतरवायला लावला. ते वर्ष फार वाईट गेलं. मग औषध लागू पडलं आणि आवाज थांबले. पुढे चौतीस वर्षं ती रोज रात्री जेवणानंतर गोळी घेत आली. मधे औषध बदललं, डोस बदलला. गेली बरीच वर्षं ओलान्झापिन होती. गोळी घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेखाली पेन्सिलीनं बारीक रेघ. ती रेघ चुकलेली मी कधी पाहिली नाही. तिनं नोकरी पूर्ण केली, पेन्शन घेतली, आणि निवृत्तीनंतर शाळांची प्रशस्तिपत्रं लिहून द्यायला लागली. तिचं अक्षर असं होतं, की लांबच्या मनावर गावातल्या शाळेतूनही माणसं कोऱ्या प्रशस्तिपत्रांचे गठ्ठे घेऊन यायची.

आजाराची तिला लाज नव्हती. लाज आम्हाला होती. आई पाहुण्यांसमोर “डोक्याची गोळी” असं पुटपुटायची, तर अक्का मोठ्यानं म्हणायची, “लोक बीपीची गोळी सांगतात ना? मग माझी का नको?”

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिला नागीण झाली. उजव्या बाजूला, छातीखालून थेट पाठीपर्यंत फोड उठले. फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि दुखणं मात्र राहिलं. कातडीला कापडाचा स्पर्श सोसवेना. सैल गाऊन घालून, तोही हातानं अंगापासून लांब धरून ती घरात फिरायची. मला फोनवर म्हणाली, “धाकटे, कोणीतरी तापलेली तार ओढतंय गं आतून.”

मी रजा काढून धारला गेले आणि तिला घेऊन त्या डॉक्टरकडे गेले. गावात त्याचं नाव होतं. बाहेर चाळीसेक माणसं बसलेली. आमचा नंबर आला तेव्हा दीड वाजला होता आणि माझी दोनची बस होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

अक्का खुर्चीवर बसली. पिशवीतून तिनं आपली जुनी पर्ची काढली, मानसोपचाराच्या डॉक्टरांनी लिहिलेली औषधांची चिठ्ठी, घडी घातलेली. शुद्ध हिंदीत, शिक्षिकेसारखं, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, “डॉक्टर साहब, मैं रात को ओलान्झापिन लेती हूँ. चौंतीस साल से मेरा मानसिक रोग का इलाज चल रहा है. यह पर्ची है.”

त्याच्या कानाला फोन होता. पलीकडे कोणीतरी फरशीचा रंग विचारत असावं, कारण तो “हल्का वाला, हल्का वाला” म्हणत होता. पर्चीकडे त्यानं हातही नेला नाही. फोन खाली ठेवता ठेवता म्हणाला, “हाँ हाँ, वो चलती रहने दो.” मग लिहायला लागला. नसांच्या दुखण्यावर गॅबापेंटिनच्या कॅप्सूल, दिवसातून तीन वेळा एकेक. चार दिवसांनी तीन वेळा दोन-दोन.

“नींद बहुत आएगी क्या?” अक्कानं विचारलं.

“अच्छा है ना आंटी, आराम मिलेगा. नेक्स्ट!”

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात अजून ती घडी घातलेली पर्ची होती. मी म्हणाले, “चल अक्का, एवढे मोठे डॉक्टर आहेत, त्यांना कळतं.” आणि घड्याळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिनं कॅप्सूल सुरू केल्या. मी रोज सकाळी आठ वाजता तिला फोन करत असे, लग्नानंतर आमची ती रीतच पडली होती. पहिल्या दोन दिवसांत ती खूश होती. तार जरा थंडावली म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिला फोन उचलायला वेळ लागला. पाचव्या दिवशी जीभ जड झाली होती, “हो” म्हणायलाही ती थांबत होती. सहाव्या दिवशी म्हणाली, “भिंत सरकते गं. मी उठले की भिंत सरकते.”

मला काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू झालं. भिंत सरकते म्हणजे फळ्यामागचा आवाज परत आला. नव्या औषधाचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. कारखान्यात एखादा कामगार चक्कर येऊन पडला तर मी पहिला प्रश्न विचारते, आज नवीन काय झालं? कुठला वास, कुठलं रसायन, कुठली गोळी? तेवीस वर्षं हेच काम केलं. बहिणीच्या वेळी तो प्रश्न मला पडला नाही, कारण ती आमच्या घरातली वेडी होती.

मी खालच्या मजल्यावरच्या वहिनींना फोन लावला. चुलतभाऊ आणि वहिनी खाली राहतात, अक्का वरच्या दोन खोल्यांत.

“वहिनी, जरा लक्ष ठेवा हो. मला वाटतं रात्रीची गोळी चुकवते आहे. समोर बसून घ्यायला लावा.”

“हो वन्सं, मी जाते वर,” वहिनी म्हणाल्या. आणि त्या बिचाऱ्या वर गेल्या, अक्का पेंगत असताना तिला हलवून जागं केलं आणि गोळी घ्यायला लावली.

सातव्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास वहिनींना वरून बादली पडल्याचा आवाज आला. अक्का न्हाणीघरात पडली होती. हाक मारली तर डोळे उघडत होती आणि परत मिटत होती. श्वास इतका हळू, की वहिनींनी नाकापाशी हात धरून बघितला. धारला जेवढं करता आलं तेवढं केलं आणि तिला गाडीत घालून इंदूरला पाठवलं. मी देवासहून निघाले आणि तिच्याआधी पोचले. स्ट्रेचर आलं तेव्हा तिचा उजवा हात कोपरापुढे भलतीकडेच वळलेला होता.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिलीच गोष्ट मागितली: “घर में जितनी दवाइयाँ हैं, सब लाइए. चूरन-टॉनिक सब.” भाऊ पिशवी भरून घेऊन आला. त्यांनी ती कॉटवर, अक्काच्या पायांशी, उपडी केली आणि एकेक पाकीट उचलून बघायला लागल्या. गॅबापेंटिनचं पाकीट एका हातात आणि ओलान्झापिनचं दुसऱ्या हातात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“ये दोनों साथ में किसने दीं? और इतनी जल्दी डबल?”

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. दोन्ही औषधं आपापल्या जागी चांगली आहेत, दोन्ही लागणारीच आहेत. पण दोन्ही मेंदूला गुंगी आणतात, आणि एकत्र आली की गुंगीत गुंगी मिळते. माणूस झोकांड्या खातो, बोलणं जड होतं, पडतो. वय जास्त असेल तर श्वासही मंदावतो. नसांच्या दुखण्याची ही कॅप्सूल शरीरातून मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. अक्काची तपासणी केली तर मूत्रपिंडांचं काम बरंच कमी झालेलं निघालं. रोजचं औषध रोज बाहेर पडतच नव्हतं, साचत होतं, आणि पाचव्या दिवशी त्यावर दुप्पट पडलं.

“साथ में देते हैं क्या कभी?” मी विचारलं.

“देते हैं. मगर किडनी देखकर, बहुत थोड़े से शुरू करके, घरवालों को बताकर कि क्या-क्या देखना है. और अपने मन से एकदम बंद भी नहीं करते, वो भी पूछकर.” मग म्हणाल्या, “किसी ने पूछा नहीं था कि और क्या लेती हैं?”

“पूछा नहीं था,” मी म्हणाले. “उसने खुद बताया था.”

इस्पितळातल्या चौथ्या दिवशी, अक्काच्या खुब्याचं ऑपरेशन ठरल्यावर, मी धारला गेले. भांडायला गेले नव्हते. मला वाटलं होतं, ऐकून त्याचा चेहरा तरी पडेल. त्यानं ते वाक्य म्हटलं. वर असंही म्हणाला, की आंटी ने मानसिक रोग का कुछ बताया ही नहीं, बताया होता तो मैं देता क्या? आणि बेल वाजवून पुढच्या माणसाला आत घेतलं.

मी थेट अक्काच्या खोलीवर गेले. कॅप्सूलची पाकिटं भावानं परत आणून ठेवली होती. तीस आणल्या होत्या. चार दिवस तीन-तीन, दोन दिवस सहा-सहा; चोवीस. पाकिटात सहा शिल्लक असायला हव्यात. सहाच होत्या. कॅलेंडरवर शेवटच्या रात्रीपर्यंत पेन्सिलीची रेघ होती. शेवटच्या दोन रेघा वाकड्या, चौकटीच्या बाहेर गेलेल्या, पण होत्या. मी मोबाइलवर त्या सगळ्याचे फोटो काढले. मला बरं वाटत होतं. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी अक्काला देवासला माझ्या घरी आणलं. वॉकर धरून चालायची. मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना नीट टेकेना. पेन धरलं की निसटायचं. जुलैत शाळांची माणसं प्रशस्तिपत्रांसाठी फोन करायला लागली. ती प्रत्येकाला म्हणायची, “अब नहीं होगा, भिया.”

तोवर मी तिला डॉक्टरचं वाक्य सांगितलं नव्हतं. नवरा म्हणाला, नको सांगू, उगाच त्रास. एका दुपारी ती डाव्या हातानं भेंडी चिरत होती, तेव्हा मी सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली.

“काय म्हणाला? जसंच्या तसं सांग.”

मी जसंच्या तसं सांगितलं.

मला वाटलं रडेल. मग म्हणाली, “तू पण तेच समजलीस ना, धाकटे? सहाव्या दिवशी?”

मी मान खाली घातली. म्हणाले, “हो.”

“वहिनीकडून गोळी भरवलीस.”

“हो अक्का.”

“बरं,” ती म्हणाली. “तू कबूल केलंस. आता त्याच्याकडून करून घ्यायचं.” आणि तिनं सुरी परत उचलली. तिचे डोळे कोरडे होते आणि मी तिला इतकं रागावलेलं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षं तिनं राग येऊच दिला नव्हता, कारण ती रागावली की घरातले गोळ्यांचं पाकीट तपासायला जायचे.

मी तक्रार लिहिली. माझं कामच ते. काय घडलं, कधी घडलं, कोणासमोर घडलं. दोन पानं, एक विशेषण नाही. इस्पितळाचे कागद, कॅप्सूलचा हिशोब, कॅलेंडरचे फोटो जोडले. डॉक्टरांवरच्या तक्रारी जिथे घेतात त्या कार्यालयात दिली. दोन महिन्यांनी हिंदीत उत्तर आलं, की रुग्णानं आधीच्या औषधाची माहिती दिल्याचा पुरावा पर्चीवर आढळत नाही, आणि रुग्ण मानसिक रोगी असल्यानं तिच्या कथनावर अवलंबून राहता येत नाही. मी तिथेच होते, मी ऐकलं, हे मी लिहिलं होतं. मी बहीण, म्हणून माझं धरलं नाही.

त्या दिवसांत मी त्या डॉक्टरबद्दल काय काय चिंतलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. न्हाणीघरातली ओली फरशी दिसली की मला तो आठवायचा, हलक्या रंगाच्या फरशीवर चालणारा. तो पाय घसरून पडावा, आणि त्यानं सांगितलेलं कोणी खरं मानू नये, एवढं मी मनात बारकाईनं रंगवलं होतं.

अक्कानं तसलं काही रंगवलं नाही. ती म्हणाली, “मला धारला सोड.”

चार महिन्यांनी ती धारच्या घरी परत गेली, पण आता वर नाही, खालच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत. तिनं जाड पुठ्ठा आणवला आणि डाव्या हातात ब्रश धरून त्यावर तीन शब्द लिहिले: मैंने बताया था. अक्षरं लहान पोरानं काढल्यासारखी आली. ती बघून मला गलबलून आलं. ती म्हणाली, “असंच पाहिजे. बघू दे त्यांना काय झालंय ते.”

आणि दर गुरुवारी ती त्या डॉक्टरच्या दवाखान्यात जायला लागली. वहिनी रिक्षानं सोडायच्या. मी जमेल त्या गुरुवारी रजा टाकून यायची.

ती फुकट बसत नसे. नंबर लावायची, फी द्यायची, रीतसर रुग्ण म्हणून. वॉकर समोर, त्याला पुठ्ठा टेकवलेला. माणसं वाचायची आणि विचारायची, “क्या बताया था, माँ साब?” मग ती सांगायची. आवाज न चढवता, वर्गात शिकवल्यासारखं. आपण कोणती गोळी घेतो, ही दुसरी कोणती दिली, दोन्हींनी मिळून काय झालं. आणि शेवटी, “आप जो भी लेते हो, सब बताना. न सुनें तो दोबारा बताना. लिखवा लेना.” लोहारद्याहून लेकीकडे आलेले एक आजोबा तिथेच उठून रिक्षानं घरी गेले आणि आपल्या सगळ्या गोळ्या रुमालात बांधून घेऊन आले.

नंबर आला की ती आत जायची, खुर्चीवर बसायची आणि म्हणायची, “मैंने बताया था.” तो म्हणायचा, “तकलीफ़ क्या है?” ती म्हणायची, “यही.” आणि उठून यायची.

तिसऱ्या गुरुवारी कंपाउंडरनं तिचा पुठ्ठा उचलून बाहेर ठेवला आणि बसलेल्या माणसांना म्हणाला, “छोड़ो भिया, पागल है ये.” मी तिथेच होते. माझा हात उठलाच होता. अक्कानं माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला म्हणाली, “हाँ, हूँ. काग़ज़ भी है मेरे पास. फिर भी बताया था.”

कोणी हसलं नाही. मोहनखेड्याहून आलेल्या एक जैन बाई उठल्या, बाहेर गेल्या आणि पुठ्ठा आणून परत वॉकरला टेकवला. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाचा आनंद नव्हता. कंपाउंडरचं पडलेलं तोंड मी डोळे भरून बघून घेतलं.

पाचव्या गुरुवारी बाहेरची गर्दी कमी होती. सहाव्या गुरुवारी त्यानं आम्हाला सगळ्यांच्या आधी आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“आंटी, मैं माफ़ी माँगता हूँ,” तो म्हणाला. “आप मेरी माँ जैसी हैं.”

“माँ की पर्ची पढ़ते?” अक्कानं विचारलं.

तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मैडम, आप समझदार हैं, आप इनको समझाइए.”

“इनसे बात कीजिए,” मी म्हणाले. “दवाई इन्होंने खाई है.”

अक्कानं त्यानंच दिलेली जुनी पर्ची काढली, उलटी केली आणि त्याच्यासमोर सरकवली. “लिखिए.”

“लिखूँगा तो आप केस कर दोगी.”

“नहीं लिखोगे तो मैं अगले गुरुवार आऊँगी. उसके अगले भी. मेरा और कोई काम बचा नहीं है, आपने ही ख़त्म किया.”

बाहेर कोणीतरी खोकत होतं. त्यानं पेन उचललं. दोनच ओळी लिहिल्या, की रुग्णानं तपासणीच्या दिवशी मानसिक आजाराच्या औषधाची माहिती दिली होती, ती नोंदवायची राहून गेली. खाली सही केली. अक्कानं वाचलं आणि म्हणाली, “तारीख.” त्यानं तारीख घातली. “और वो, ज़्यादा खा ली वाली बात?” त्यानं तिसरी ओळ लिहिली, की रुग्णानं औषध सांगितल्याप्रमाणेच घेतलं होतं. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. ते मी कधी विसरणार नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

वॉकर टेकत बाहेर येताना अक्का म्हणाली, “संपलं.”

माझं संपलं नव्हतं. तिची परवानगी घेऊन मी त्या कागदाच्या प्रती काढल्या. पहिली प्रत पुन्हा तक्रारीला जोडली. त्यावर काही महिन्यांनी त्याला लेखी समज दिल्याचं उत्तर आलं. तेवढंच. बाकीच्या प्रती मी घरात वाटल्या. चैत्रात वहिनींकडे हळदीकुंकू होतं. आत्या, मावश्या, चुलतबहिणी, सगळ्या जमल्या होत्या; याच बायका गेल्या वर्षी एकमेकींना फोनवर सांगत होत्या, की बिचारीनं गोळ्या जास्त घेतल्या म्हणे, शेवटी डोकंच ते. मी पन्हं देताना प्रत्येकीच्या हातात एक कागद दिला. निम्म्या जणींनी चष्मे आणले नव्हते, त्यांना सुनांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्या म्हणाल्या, “अगं, हे आज कशाला? सणाचा दिवस.”

“आजच,” मी म्हणाले. “सगळ्या एकत्र परत कधी भेटणार?”

अक्का कोपऱ्यात खुर्चीवर बसून हरभऱ्याची उसळ खात होती. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. पण ती दोनदा उसळ मागून घेऊन जेवली.

आता तिचं दुखणं बरंच आटोक्यात आहे. तीच कॅप्सूल ती आजही घेते, अगदी कमी मात्रेत, मूत्रपिंडाची तपासणी करून, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवून. रात्रीची गोळीही चालू आहे. वॉकर सुटला, काठी आली. हात मात्र तसाच राहिला.

मागच्या महिन्यात मी धारहून परत येत होते. बसमध्ये शेजारी मनावरच्या एक बाई बसल्या होत्या, सासूला त्याच डॉक्टरकडे दाखवून इंदूरला भावाकडे निघालेल्या. मी काही विचारलं नव्हतं, त्याच सांगायला लागल्या. तिथे म्हणे आता दारातच मोठा बोर्ड लावलाय, आपण घेता ती सर्व औषधं सोबत आणावीत. डॉक्टर स्वतः एकेक पाकीट हातात घेऊन बघतात. नर्स वहीत लिहून घेते. “इतने ध्यान से कोई नहीं पूछता, दीदी. बहुत नाम है उनका.”

लोकांचं भलं झालं, हे मला कळत होतं. त्या बाईंच्या सासूचं भलं झालं. पण त्याचं नाव झालं होतं, आणि ते माझ्या बहिणीच्या मोडलेल्या हाडांवर झालं होतं, आणि बोर्डावर ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

“वो पूछते हैं,” मी म्हणाले, “क्योंकि उनको सिखाया गया है.” आणि घाटाबिल्लोदपासून बेटमा मागे पडेपर्यंत मी त्या बाईंना सगळं सांगितलं. फरशीचा रंग, न उघडलेली पर्ची, तीन-तीन आणि मग सहा-सहा, बादलीचा आवाज, पेन फिरवत म्हटलेलं ते वाक्य. त्यांनी दोनदा पिशवीतून सासूची नवी पर्ची काढून पाहिली. पुढच्या सीटवरचे दोघंही मान वळवून ऐकत होते. मी आवाज कमी केला नाही.

बाई शेवटी म्हणाल्या, “अब तो ठीक हैं ना, आपकी बहन?”

“ज़िंदा है,” मी म्हणाले. “ठीक नहीं है.”